येताना उतार असतो का? (दिल्ली ते टोकियो : अंतर, वेळ आणि अण्णांचा हिशेब)

सेलूकर | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, घरात गेले दोन दिवस एकच विषय चाललाय, म्हणून इथं टाकतोय.

ताई टोकियोत असते, निशिकासाईला. फेब्रुवारीत बाळंतपण आहे. संक्रांत झाली की आई-अण्णा निघणार आणि पाडव्याच्या आत परत. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. भाऊजींनी तिकिटं पाठवली: चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ) ते दिल्ली आणि दिल्ली ते टोकियो.

अण्णा आयुष्यभर जिनिंगवर दिवाणजी होते. आकडा जुळला नाही की त्यांना जेवण जात नाही. त्यांनी तिकीट समोर ठेवलं, कॅलेंडरचं मागचं पान घेतलं आणि मांडलं:

जाताना दिल्लीहून रात्री ८ ला सुटतं, टोकियोला सकाळी ७.२० ला पोचतं. म्हणजे ११ तास २० मिनिटं.
येताना टोकियोहून सकाळी ११.३० ला सुटतं, दिल्लीला संध्याकाळी ५.३० ला. म्हणजे ६ तास.

मग चष्मा काढून मला विचारलं, "येताना उतार लागतो का रे?"

घड्याळ वेगळं असतं एवढं मला कळतं, पण पटवून देता येईना. त्यात मी अंतर शोधलं तर एका ठिकाणी ५,८६०, दुसऱ्या ठिकाणी ३,६४० आणि तिसऱ्या ठिकाणी ३,१६० निघालं. अण्णा म्हणाले, एका गाडीची तीन वजनं निघाली तर आम्ही काटा बदलायचो.

कुणीतरी नीट फोड करून सांगा. मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

कळमनुरीकर | सोमवार, रात्री ९.५२

उतार! चहा सांडला राव. अण्णांना माझा दंडवत कळवा.

सायतामाचा सोयगावकर | सोमवार, रात्री १०.१५

मी इथंच राहतो, सायतामात, म्हणजे टोकियोच्या शेजारी. हा घोळ आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी झालेला आहे.

अण्णांना सांगा, तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची छापलेली असते. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. म्हणून दोन्ही वेळा आधी सेलूच्या घड्याळात आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची.

जाताना: टोकियोचे सकाळचे ७.२० म्हणजे सेलूत पहाटेचे ३.५०. रात्री ८ ते पहाटे ३.५० म्हणजे ७ तास ५० मिनिटं.
येताना: टोकियोचे सकाळचे ११.३० म्हणजे सेलूत सकाळचे ८. तिथून संध्याकाळी ५.३० पर्यंत साडेनऊ तास.

म्हणजे उलटंच आहे. जाताना जास्त वाटतं तिथं कमी लागतं आणि येताना कमी वाटतं तिथं जास्त. उतार जाताना आहे, अण्णा. चढ येताना.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई | मंगळवार, सकाळी ६.१०

साडेतीनच का, हेही सांगून टाका, नाहीतर दिवाणजी माणूस तिथं अडेल.

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. जपानची प्रमाणवेळ १३५ अंशांची, ती आकाशी नावाच्या गावातून जाते. १३५ वजा ८२.५ म्हणजे ५२.५ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ५२.५ ला १५ ने भागा: साडेतीन. बाकी शून्य.

आणि तुमचं सेलू काही ८२.५ वर नाही, साडेशहात्तरच्या आसपास आहे. म्हणजे सूर्य मिर्झापूरला डोक्यावर आला की तुमच्याकडं यायला अजून चोवीसेक मिनिटं असतात. साडेबाराला माध्यान्ह होते ती म्हणूनच. हे मी तीस वर्षं फळ्यावर काढलं, पण विमानाचं तिकीट हाती आल्याशिवाय कुणी मनावर घेत नाही.

सेलूकर | मंगळवार, सकाळी ८.३०

वाचून दाखवलं. बाकी शून्य आली तेव्हा अण्णांचा चेहरा फुलला. घड्याळाचा विषय मिटला.

पण आता नवीन काढलंय. "घड्याळ सारखं केल्यावरबी जायला ७.५० आन यायला ९.३०. रस्ता तोच, गाडी तशीच. मंग हे एक तास चाळीस मिन्टं कुठं गेली?"

तुरीचं वरण | मंगळवार, सकाळी ९.०५

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते ना. विमान वर गेलं की खालून पृथ्वी सरकते. त्यामुळं असेल.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई | मंगळवार, सकाळी ९.३०

तुरीचं वरण, तुमच्या हिशेबानं तर टोकियो विमानापासून पळत राहील आणि जायलाच जास्त वेळ लागेल. प्रत्यक्षात जायला कमी लागतो. म्हणजे उत्तर चुकलंच, शिवाय दिशाही चुकली. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. चालत्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये तुम्ही उडी मारली तर मागच्या डब्यात पडता का?

हवामानवेडा | मंगळवार, दुपारी १.२०

माझ्या आवडीचा विषय निघाला. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात हा पट्टा उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिण कडेनं, चीनवरून जपानकडं जातो आणि जपानच्या डोक्यावर तर तो जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो. ताशी २०० ते ३०० किलोमीटर वारा तिथं नवलाचा नाही. जाताना तो विमानाच्या पाठीवर असतो, येताना तोंडावर.

याचा शोधही जपानातलाच, आणि तो कसा वाया गेला ते ऐकण्यासारखं आहे. ओइशी वासाबुरो नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. वर गेलेला फुगा हिवाळ्यात सुसाट पूर्वेकडं पळतो, हे त्यांनी मोजून ठेवलं. जगाला कळावं म्हणून १९२६ साली त्यांनी अहवाल छापला, तो एस्पेरांतो भाषेत! सगळ्या जगाची एक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम बनवलेली ही भाषा. तिचे ते मोठे पुरस्कर्ते होते. बिचाऱ्यांना वाटलं सगळं जग वाचेल. वाचलं जवळपास कुणीच नाही.

पुढं १९४४ च्या शेवटी अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर गेली तेव्हा वैमानिकांना या वाऱ्यानं हैराण केलं. बॉम्ब भलतीकडं पडायचे. वाऱ्याच्या विरुद्ध गेलं तर विमान जागच्या जागी रखडल्यासारखं व्हायचं. जपान्यांना मात्र वारा ठाऊक होता. त्यांनी नोव्हेंबर १९४४ पासून कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून नऊ हजारांवर फुगे याच वाऱ्यावर सोडले आणि त्यातले काही प्रशांत महासागर ओलांडून खरंच अमेरिकेत पोचले.

तर अण्णांचे एक तास चाळीस मिनिटं वाऱ्यानं नेले.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई | मंगळवार, दुपारी ३.४५

हवामानवेडा, छान लिहिलंत. आता त्यावर गणित.

शाळेतलं नाव आणि प्रवाहाचं उदाहरण आठवा. गंगाखेडला गोदावरीत नाव आहे, प्रवाहाबरोबर पटकन जाते, उलट यायला वल्हवून दमछाक. तेच इथं. अंतर सोयीसाठी ६,००० किलोमीटर धरू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. वारा सरासरी १००.

जाताना ९०० अधिक १००, म्हणजे १,००० चा वेग: ६ तास.
येताना ९०० वजा १००, म्हणजे ८०० चा वेग: साडेसात तास.

दीड तासाचा फरक इथंच आला. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, थोडा वळसा, उशीर झाला तर हाताशी असावी म्हणून कंपनीनं तिकिटात धरलेली सवड, हे सगळं दोन्हीकडं मिळवा की तिकिटावरच्या आकड्याच्या जवळ येता.

एक गंमत दिवाणजींसाठी. वारा नसता तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं लागली असती. वाऱ्यासकट साडेतेरा लागतात. म्हणजे वाऱ्यानं जाताना जेवढं दिलं त्यापेक्षा येताना जास्त काढून घेतलं. सावकारी आहे ही.

सेलूकर | मंगळवार, रात्री ८.२०

"सावकारी" या शब्दाला अण्णांनी मान डोलावली. आता अंतराच्या तीन आकड्यांचं कुणीतरी बघा.

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.००

काटा एकच आहे, मापं तीन आहेत. ५,८६० हे किलोमीटर, ३,६४० हे साधे मैल आणि ३,१६० हे नॉटिकल मैल. साधा मैल १.६ किलोमीटरचा, नॉटिकल मैल १.८५२ चा. जहाजं आणि विमानं हा तिसरा वापरतात, कारण तो पृथ्वीच्या गोलावरच्या एका कलेएवढा आहे, म्हणजे अंशाचा साठावा भाग. पायली, शेर, किलो असं समजा.

दुसरं म्हणजे हे ५,८६० गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, दिल्लीवर आणि टोकियोवर बोट ठेवून दोरा ताणून धरा. तो दोरा म्हणजे हे अंतर. विमान तेवढंच उडतं असं नाही.

तुरीचं वरण | मंगळवार, रात्री ९.१२

का नाही? वर काय रस्त्याचं काम चालू असतं का? (मास्तर, हे नुसतं विचारतोय, उत्तर देत नाहीये.)

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

दोरा ताणला की तो हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून जातो. तिथं प्रवासी विमानं होता होईल तो जात नाहीत. विमान हिमालयाच्या वरून आरामात जाईल हो, तो प्रश्नच नाही. प्रश्न खाली यायचा आहे. काही बिघाड होऊन केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मुखवटे पडतात. ते पुरतात पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, म्हणजे माणसाला साध्या हवेत श्वास घेता येतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या आसपास. खाली यायचं कुठं? म्हणून बहुतेक विमानं पूर्वेकडं म्यानमारवरून, मग दक्षिण चीनवरून वळसा घेतात.

ताईच्या आईला हे वाचून दाखवू नका म्हणजे झालं.

सेलूकर | मंगळवार, रात्री ९.४५

उशीर झाला. आईनं ऐकलं.

देगलूर नाका | बुधवार, सकाळी ७.५०

मूळ धाग्याला थोडा फाटा. दिल्लीचं कामून काढलं? आम्ही नांदेड-लातूरकडचे लोक सरळ हैदराबाद धरतो. निजामाच्या वेळंपासून आमचं अर्धं माहेर तिथंच. गाडी केली की पाच-सहा तासांत शमशाबाद. तिथून बँकॉक २,४२० किलोमीटर, बँकॉकहून टोकियो ४,६५०. बेरीज ७,०७०. हैदराबादहून सरळ दोरा ताणला तर ६,३९० येतं, म्हणजे वळसा फक्त पावणेसातशेचा.

हिमरू | बुधवार, सकाळी ८.४०

नांदेडला बरोबर, सेलूला नाही. सेलूहून चिकलठाणा जवळ. शिवाय विमानतळ जालना रोडवर, शहराच्या अलीकडंच, गावात शिरायची गरजच नाही. तिथून दिल्ली साधारण ९८० किलोमीटर, पुढं ५,८६०, एकूण ६,८४०. चिकलठाण्याहून टोकियोपर्यंत सरळ दोरा ६,४६० चा आहे. दिल्लीचा वळसा चारशेही भरत नाही. मुंबईला जायचं म्हणजे आधी साडेतीनशे किलोमीटर उलट दिशेला, पश्चिमेला जायचं आणि मग पूर्वेला निघायचं.

मी पर्यटनाच्या धंद्यात आहे. जपानी पाहुणे अजिंठा बघायला याच वाटेनं येतात, दिल्लीहून नाहीतर मुंबईहून. अजिंठा-वेरूळच्या विकासाला जपाननं कर्ज दिलं, पण त्यांच्या देशातून इथं थेट विमान काही उतरत नाही. एकदा एका आजोबांनी मला हिशेब सांगितला होता: त्यांच्या घरून दिल्लीपर्यंत आले त्यापेक्षा दिल्लीच्या विमानतळापासून लेण्यापर्यंत यायला त्यांना जास्त वेळ लागला. शेवटचे शंभर किलोमीटर तर त्यांनी डोळे मिटूनच काढले, रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा.

कळमनुरीकर | बुधवार, सकाळी ९.१५

पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्यानं वेळ वाढला म्हणतात, त्याचं काय?

हिमरू | बुधवार, सकाळी ९.२५

ती एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. पण ती पश्चिमेला. युरोप-अमेरिकेकडं जाणाऱ्यांना वळसा पडला. टोकियो पूर्वेला, त्याला धक्का नाही.

बालाघाटची लेक | बुधवार, दुपारी १२.१०

अंतर-बिंतर राहू द्या, मला एक महत्त्वाचं सांगायचंय. सेलूकरदादा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का ते आधी बघा. एकाच तिकिटावर असली तर सामान शक्यतो थेट टोकियोला जातं (तरी चेक-इनला पावतीवर कोणत्या गावाचं नाव आहे ते वाचून घ्या) आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची जबाबदारी कंपनीची.

आमचं वेगवेगळं होतं, चार पैसे वाचवायला. पहिलं विमान सव्वादोन तास उशिरा आलं. दिल्लीत सामान घ्या, दुसऱ्या टर्मिनलला जा, परत रांग. पोचलो तेव्हा काउंटर बंद. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नवीन तिकिटाचे पैसे भरले तेव्हा धाराशिवला घराचा स्लॅब पडला असता तेवढे गेले असं सासरे अजून म्हणतात. (तेवढे नव्हते.)

वेगवेगळी तिकिटं असतील तर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा. आणि आईंसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, दोन दिवस आधी तरी. त्याला पैसे पडत नाहीत आणि लाजायचं कारण नाही. दिल्लीला चालणं काही थोडं नाही, त्यापेक्षा बसून जावं.

सेलूकर | बुधवार, दुपारी १.३०

तिकिटं वेगळी निघाली. नशीब, मध्ये सात तास आहेत. आई व्हीलचेअरला नाही म्हणतेय, "लोक काय म्हणतील." समजावतोय.

तिचा स्वतःचा एक प्रश्न आहे. तिथं असताना संकष्टी येईल. चंद्रोदय कुठला धरायचा, सेलूचा की टोकियोचा?

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई | बुधवार, दुपारी २.००

माणूस जिथं, चंद्र तिथला. खिडकीतून दिसेल तोच. सेलूचा धरला तर वहिनी चारेक तास जास्त उपाशी राहतील.

सायतामाचा सोयगावकर | बुधवार, दुपारी ४.४०

सामानात ताजी फळं, भाजी, मांसाचं काही नको, इथं विमानतळावर काढून घेतात. आमच्या मावशींची आख्खी सीताफळं गेली होती. डिंकाचे लाडू, मेतकूट, कोरडी चटणी बिनधास्त आणा. आणि हो, परतीच्या विमानात उजवीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असली तर हानेदा विमानतळाहून निघाल्यावर थोड्याच वेळात बहुधा त्या बाजूला फुजी दिसतो.

देगलूर नाका | बुधवार, सायंकाळी ६.१५

परत येताना दिल्लीहून सचखंड एक्स्प्रेस धरा म्हणेन मी, सामान भरपूर असलं तर. फक्त लक्षात ठेवा, टोकियो-दिल्लीला जेवढा वेळ लागला त्याच्या दुपटीहून जास्त दिल्ली-जालन्याला लागेल, आणि अंतर चौथाईच्या आसपास.

हवामानवेडा | गुरुवार, सकाळी ७.३०

एक राहिलं. हा जाण्या-येण्यातला फरक वर्षभर सारखा नसतो. पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास हा वाऱ्याचा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, त्याचा जोरही कमी होतो. म्हणून उन्हाळी वेळापत्रकात परतीचा वेळ थोडा घटतो. विमान कंपन्या वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अण्णांचं परतीचं तिकीट पाडव्याच्या आधीचं, म्हणजे हिवाळी वेळापत्रकातलं. चढ पुरा लागणार.

सेलूकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०.०५

धागा वर काढतोय, रागावू नका. आई-अण्णा सुखरूप पोचले. ताई बरी आहे, अजून दिवस आहेत.

आईनं शेवटी व्हीलचेअर घेतली. ढकलणारा पोरगा नेमका पाथरीचा निघाला, मग दिल्लीपासूनच तिचा प्रवास गावाकडच्या गप्पांत गेला. अण्णा मागून पिशवी घेऊन चालत होते, त्यांना कुणी विचारलं नाही, याचा थोडा राग आहे.

आज व्हिडिओ कॉलवर अण्णांनी कागद दाखवला. मनगटावरचं घड्याळ त्यांनी मुद्दाम बदललेलं नाही, ते सेलूचंच आहे. त्या घड्याळानं सगळं टिपून ठेवलंय:

घर सोडलं पहाटे ५.३०. चिकलठाणा ८.३५. विमान सुटलं ११.००, दिल्ली १२.५५. दिल्लीत बसून राहिलो ७ तास ५ मिनिटं. विमान हललं ८.००. टोकियोला टेकलं ३.२५, म्हणजे तिकिटापेक्षा २५ मिनिटं आधी (पुढं कंसात लिहिलंय: वारा). ताईचं घर ६.३०.

एकूण २५ तास. त्यातले विमानात ९ तास २० मिनिटं, बाकीचे १५ तास ४० मिनिटं जमिनीवर. खाली लाल पेनानं रेघ मारून लिहिलंय: "अंतर विमानात संपतं, वेळ खाली जातो."

मी म्हटलं, अण्णा, आता इथलं घड्याळ लावा की. तर म्हणाले, राहू दे, परतीचा चढ मोजायचाय.

तुरीचं वरण | रविवार, रात्री १०.२०

मंग फुजी उजवीकडं दिसला की नाही तेबी लिहून ठेवा म्हणावं.